दुखण्याचा खाडा कुणी भरायचा?

आमच्या आजीच्या गुडघ्यांना पाऊस आधी कळायचा. वैशाख संपत आला की ती ओट्यावर बसून पाय दाबत म्हणायची, "आज-उद्यात वळीव येतोय गं." आणि बहुतेक वेळा तो यायचा. घरात या गोष्टीचं मोठं कौतुक होतं. चुलते तिला विचारून शेतातल्या कामांची आखणी करायचे, शेजारणी गच्चीवरचे पापड-कुरडया उचलायच्या. पण ज्या गुडघ्यांना एवढं कळतं त्या गुडघ्यांना होतं तरी काय, हे आमच्यापैकी कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. तिचं दुखणं घराच्या उपयोगी पडत होतं आणि तेवढ्यापुरतंच ते खरं मानलं जात होतं. आमच्या घरची वाळवणं तर तीच उचलायची.

आज माझं वय छत्तीस आहे. एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून मी पुण्यातल्या वस्त्यांमध्ये आणि मुळशीकडच्या गावांत बायकांच्या गटांबरोबर काम करते. आणि आता आभाळ भरून आलं की माझं अंग भरून येतं. मान, खांदे, कंबर, मांड्या, तळपाय, सगळीकडे एकाच वेळी ठणका लागतो. सकाळी उठताना अंग लाकडासारखं झालेलं असतं. केस विंचरायला हात वर जात नाही. कुणी प्रेमाने खांद्यावर हात ठेवला तरी कळ येते. डोक्यात धुकं साचतं, रोजच्या माणसांची नावं आठवत नाहीत. या दुखण्याचं नाव फायब्रोमायाल्जिया.

हे सगळं लिहायला मी बरीच वर्षं घेतली. आपल्या या अंकांतून आपण हुंड्यावर, मारहाणीवर, पाण्याच्या प्रश्नावर लिहितो. 'माझं अंग दुखतं' हा काय लेखाचा विषय झाला, असं मलाच वाटायचं. एका आषाढात घडलेल्या गोष्टीने माझं मत बदललं.

भातलावणीचे दिवस होते. मुळशीकडच्या एका गावात बायकांची बैठक ठरली होती. लावणीमुळे दिवसा वेळ नाही म्हणून त्यांनीच संध्याकाळची वेळ दिली होती. त्या दिवशी पहाटेपासून झड लागलेली. मी उठले तर मूठ मिटेना. दाराची कडी काढता येईना. मी ऑफिसला फोन केला आणि म्हणाले, "आज घरी पाहुणे आलेत, मला जमणार नाही." पलीकडून लगेच उत्तर आलं, "असू दे, असू दे."

फोन ठेवल्यावर मला माझीच लाज वाटली. मी खोटं बोलले होते, आणि कोणतं खोटं पचेल याचा विचार करून बोलले होते. बाईला कामावर खाडा करायला पाहुणे चालतात, मुलाची परीक्षा चालते, सासऱ्यांचं पथ्यपाणी चालतं. तिचं स्वतःचं दुखणं चालत नाही. बायकांच्या संघटनेतही चालत नाही, असं मी गृहीत धरलं होतं.

पुढच्या आठवड्यात त्या गावात गेले. बैठकीनंतर एक बाई थांबली. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. म्हणाली, "ताई, तुम्ही त्या दिवशी आला नाहीत ते बरं झालं. मला बसवलंच नसतं. सगळं अंग ठेचल्यासारखं झालं होतं." मी विचारलं, "मग घरी राहिलात का?" ती हसली. "लावणी कशी थांबंल?" गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून तिने लावणी केली होती. आमच्या दोघींचं दुखणं एकच की वेगवेगळं, हे तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. पण मला खोटं बोलायला एक फोन होता, तिला तोही नव्हता.

दुखणं आहे, पण दिसत नाही

माझं दुखणं सत्ताविसाव्या वर्षी सुरू झालं आणि त्याला नाव मिळायला चार वर्षं गेली. पहिल्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या. रक्त वाढलं, दुखणं राहिलं. दुसऱ्यांनी एक्स-रे काढला, तो 'अगदी छान' निघाला. एका मोठ्या रुग्णालयात तरुण डॉक्टरांनी माझ्याशी न बोलता माझ्या नवऱ्याला विचारलं, "घरात काही टेन्शन?" एका डॉक्टरांनी मूल झालं की सगळं ठीक होईल असं सांगितलं. शेवटी संधिवातावर उपचार करणाऱ्या एका डॉक्टर बाईंनी अर्धा तास शांतपणे ऐकून घेतलं आणि या आजाराचं नाव सांगितलं. बरा होणारा आजार नाही म्हणाल्या, तरी मला त्या दिवशी सुटल्यासारखं वाटलं. मी ढोंगी नव्हते.

या आजाराचा इतिहासही असाच चाचपडत गेलेला आहे. १९०४ साली विल्यम गॉवर्स या ब्रिटिश डॉक्टरने त्याला 'फायब्रोसायटिस' म्हटलं, म्हणजे तंतूंना आलेली सूज. पुढे सूज कुठे सापडेना, तेव्हा १९७६ मध्ये 'फायब्रोमायाल्जिया' हे नाव पुढे आलं. त्याचा अर्थ एवढाच, की तंतू आणि स्नायूंमध्ये वेदना आहे. १९९० साली अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने निकष ठरवले. अंगावरच्या १८ ठरावीक जागा दाबायच्या, त्यातल्या ११ दुखल्या आणि दुखणं सर्वांगभर तीन महिने टिकलेलं असलं तर हा आजार. २०१० मध्ये हे निकष बदलले. आता दुखणं शरीराच्या किती भागांत पसरलं आहे, झोप ताजीतवानी करते का, थकवा किती, विसरायला होतं का, हे रुग्णाला विचारलं जातं. म्हणजे डॉक्टरांच्या अंगठ्यापेक्षा आजारी माणसाच्या बोलण्याला जास्त महत्त्व आलं. ही लहान गोष्ट नाही. ज्या रोगाचं निदान बाईचं म्हणणं खरं मानूनच करता येतं, तो रोग मान्य व्हायला एवढी वर्षं का लागली, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

'मनाचे खेळ' म्हणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगते. २००२ साली अमेरिकेत या आजाराच्या रुग्णांच्या अंगठ्यावर मोजून दाब दिला आणि त्याच वेळी मेंदूची चित्रं घेतली. थोड्याच दाबाने त्यांच्या मेंदूतले वेदनेशी संबंधित भाग जागे झाले. निरोगी माणसांत तेवढाच परिणाम दिसायला बराच जास्त दाब द्यावा लागला. २०२१ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फायब्रोमायाल्जियाच्या रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं उंदरांना टोचली. ते उंदीर दाबाला आणि थंडीला जास्त हळवे झाले. निरोगी माणसांची प्रतिपिंडं टोचलेल्या उंदरांना तसं काही झालं नाही. त्या उंदरांना ना सासू होती, ना मूल होत नसल्याची काळजी.

आजाराचं पूर्ण कारण अजून उलगडलेलं नाही. पण वेदनेचा आवाज शरीरात कुठेतरी मोठा करून ठेवला आहे, एवढं समजलं आहे. सांधे झिजत नाहीत, वाकडे होत नाहीत, म्हणून एक्स-रे 'छान' येतो. जगभरातल्या अभ्यासांत साधारण शंभरात दोन-तीन माणसांना हा आजार असल्याचं दिसतं आणि त्यांत बायका जास्त असतात. पुरुषांनाही तो होतो. नव्या निकषांनी पाहिलं तर पूर्वी वाटायचं त्यापेक्षा जास्त पुरुषांना होतो, पण 'मर्दाला दर्द नाही' या शिकवणीपायी ते सांगत नसतील तर त्यांचंही नुकसानच आहे.

आभाळाचं काम आणि माणसांचं काम

आता हवेबद्दल. आजी म्हणायची 'वात खवळला'. आयुर्वेदातही पावसाळा हा वाताच्या प्रकोपाचा काळ मानला आहे. आधुनिक संशोधन काय म्हणतं, ते मी शोधून वाचलं. ब्रिटनमध्ये जुनाट दुखणी असलेल्या अडीच हजारांहून अधिक माणसांनी आपलं रोजचं दुखणं मोबाइलवर नोंदवलं आणि ते त्या-त्या ठिकाणच्या हवेशी ताडून पाहिलं गेलं. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दमट हवा, हवेचा कमी झालेला दाब आणि जोराचा वारा असलेल्या दिवशी दुखणं वाढण्याची शक्यता जास्त होती. म्हणजे आजी खरं बोलत होती. पण हा परिणाम फार मोठा नव्हता. त्याआधी, २०१३ मध्ये, नेदरलँड्समधल्या फायब्रोमायाल्जिया असलेल्या ३३३ बायकांच्या २८ दिवसांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या होत्या. त्यांतही हवेचा परिणाम थोडासाच दिसला, आणि सगळ्यांना लागू पडेल असा एक नियम सापडला नाही. एकीला थंडी बाधते, दुसरीला दमटपणा, तिसरीला काहीच नाही.

हे वाचून मी आधी चिडले. पुन्हा तेच, 'एवढं काही नसतं' म्हणणारे! मग एक वही केली आणि दोन वर्षं लिहिली. तारीख, हवा, झोप, पाळी, काय काम केलं, प्रवास किती, कुणाशी वाजलं का, आणि दहापैकी दुखणं किती. माझ्या एकटीच्या वहीला संशोधन म्हणता येणार नाही. पण त्यातून जे दिसलं ते मला अपेक्षित नव्हतं. नुसतं ढगाळ असलेले पुष्कळ दिवस माझे बऱ्यापैकी गेले होते. जे दिवस अगदी वाईट गेले, त्यांच्या आधीच्या एक-दोन दिवसांत ढगांच्या जोडीला बहुतेक वेळा आणखी काहीतरी होतं. रात्रीचं जागरण, तीन तास उभ्याने स्वयंपाक, एस.टी.चा लांबचा प्रवास, दिवसभर अंगावर राहिलेले ओले कपडे. आभाळाने ठिणगी टाकली असेल, पण लाकडं आधीच रचलेली होती.

ती लाकडं कोण रचतं? आपल्याकडच्या वर्षाकडे जरा या नजरेने बघा. आषाढात हवा सर्वांत दमट, त्याच वेळी भातलावणी, आणि रोपं लावणारे हात मुख्यतः बायकांचे. शहरातल्या वस्तीत छत गळतं, कपडे वाळत नाहीत, मुलांना ताप-खोकला, म्हाताऱ्यांना दमा. या सगळ्याचं काम बाईकडे. भाद्रपदात गौरी-गणपती. पाऊस परततो, आश्विनातली उकाड्याची तलखी सुरू होते, की घर धुऊन काढायचं आणि फराळाची कढई चढवायची. दिवाळीनंतर थंडी पडते आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पहाटेच्या गारठ्यात दव पडलेल्या फडात बाई वाकून ऊस तोडते, मोळी बांधून डोक्यावर उचलते. हवा बदलण्याचे दिवस आणि बाईच्या कामाचा कळस गाठण्याचे दिवस आपल्या वर्षात जागोजाग एकत्र येतात. मग आपण म्हणतो, 'हवेने दुखतंय.' हवेवर ढकललं की कुणाला काही बदलावं लागत नाही.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत असं दिसलं, की घरातलं बिनमोल काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि असं काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. त्या पाच तासांत ढगाळ दिवस आणि कोरडा दिवस असा फरक कोण करतं? पाऊस आहे म्हणून शाळेला सुट्टी मिळते, सामना रद्द होतो. चूल कधी रद्द झाली आहे?

ऊसतोडीत एक शब्द आहे, खाडा. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, आणि एक दिवस कामावर गेलं नाही तर खाड्याचा दंड कापला जातो. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. त्यामागे कारणं अनेक आहेत. खासगी दवाखान्यांची कमाई आहे, कॅन्सरची घातलेली भीती आहे. पण पाळीचा आणि पोटदुखीचा खाडा परवडत नाही, हेही त्यातलं एक कारण आहे. दुखणाऱ्या दिवसाची किंमत एवढी, की त्यापेक्षा अवयव काढून टाकणं स्वस्त वाटावं. माझ्या दुखण्याची मी त्यांच्याशी बरोबरी करत नाही. मला महिन्याचा पगार आहे, गरम पाणी आहे, बसायला खुर्ची आहे. पण प्रश्नाचं मूळ एकच आहे. बाईचं अंग दुखलं तर त्या दिवसाचा खाडा कुणी भरायचा? आजवर तो तिनेच भरला आहे. पैशाने, नाहीतर शरीराने, नाहीतर खोटं बोलून.

उसळीच्या दिवसांत मी काय करते

दुखणं अचानक वाढतं त्याला मी 'उसळी' म्हणते. अनेक मैत्रिणी विचारतात म्हणून माझा अनुभव लिहिते. हे औषधपत्र नाही.

पहिली गोष्ट, प्रत्येक अंगदुखीला फायब्रोमायाल्जिया समजू नका. रक्त कमी असणं, थायरॉइड, ड जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही अंग दुखतं आणि त्यांवर साधे उपचार आहेत. त्या तपासण्या आधी करून घ्या. सांधे सुजत असतील, सकाळचा ताठरपणा तासाभराहून जास्त राहत असेल, ताप येत असेल, वजन उतरत असेल, हातापायातली शक्ती जात असेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. आधीच हा आजार ठरलेला असला तरीही दाखवा.

दुसरी गोष्ट, दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या. मी दोन वर्षं मुठीने खाल्ल्या. या आजारात त्यांचा फारसा उपयोग होत नाही, आणि पोटाला नि मूत्रपिंडाला इजा होते ती वेगळीच. स्टेरॉइडही यावर चालत नाहीत. काही जणींना ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन, प्रीगॅबलिन अशा औषधांनी झोप आणि दुखणं सुधारतं, पण ती डॉक्टरांनी द्यायची, हळूहळू वाढवायची आणि मनाने बंद करायची नाहीत. यातली काही औषधं उदासीनतेवरही वापरतात, म्हणून 'म्हणजे मी वेडी आहे का' असं एक ताई विचारत होत्या. नाही. ती वेदनेच्या वाटांवरही काम करतात. आणि सततच्या दुखण्याने मन खचलं असेल तर त्यावर उपचार घेण्यात कमीपणा कसला?

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. 'आज बरं वाटतंय तोवर उरकून घेऊ' हा माझा जुना सापळा. ऊन पडलं की मी चार दिवसांचं धुणं काढायचे, डबे घासायचे, अहवाल लिहायचे, आणि तिसऱ्या दिवशी आडवी व्हायचे. आता चांगल्या दिवशी मी ठरवून कमी करते. वीस मिनिटं काम, पाच मिनिटं बसणं. अर्ध्यावर काम सोडायला आपण शिकलेलोच नसतो. ते शिकायला मला औषध घेण्यापेक्षा जास्त त्रास झाला.

चौथी, हालचाल. या आजारात व्यायामाने फायदा होतो हे सर्वांत खात्रीने सांगता येतं. २०१७ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी ज्या एकाच उपायाची ठामपणे शिफारस केली, तो हा. पण आमच्या घरकामालाच व्यायाम म्हणू नका. घरकामात तेच स्नायू, तीच वाकण, आणि थांबायची मुभा नाही. मी पाच मिनिटं चालण्यापासून सुरुवात केली. पावसात घरातल्या घरात चालते. उसळीच्या दिवशीही पूर्ण निजून राहत नाही, उठून हळूहळू हातपाय हलवते.

बाकीचं सगळ्यांना ठाऊक आहे. गरम पाण्याची पिशवी, गरम पाण्याने अंघोळ, ओली साडी ताबडतोब बदलणं, रात्री पायांत मोजे, झोपेची ठरलेली वेळ. पावसाळ्यात पिशवीत एक कोरडा कपड्यांचा जोड असतो. हवामानाचा अंदाज बघून मी दौऱ्याच्या तारखा बदलत नाही, पण दौऱ्याच्या आदल्या रात्री स्वयंपाक माझ्याकडे नसतो.

हे शेवटचं वाक्य सहज लिहिलं, पण त्यासाठी घरात वर्षभर भांडण झालं. माझा नवरा चांगला माणूस आहे, चळवळीतल्या कार्यक्रमांना येतो. तो म्हणायचा, "तू सांग ना, मी मदत करतो." दुखणाऱ्या माणसाने रोज उठून काम वाटायचं, आठवण करायची आणि वर आभार मानायचे, ही कसली मदत? शेवटी आम्ही कागद काढला आणि कामं लिहिली. लिहिता लिहिता यादी तीन पानं झाली, तेव्हा तो गप्प झाला. आता रात्रीचा स्वयंपाक आणि कपडे त्याचे, पाऊस असो वा ऊन. माझं दुखणं पूर्ण गेलं का? नाही. पण एका उसळीतून दुसरी उसळी निघायची ते कमी झालं.

आपल्या संघटनांचं काय?

मी ऑफिसमध्ये खरं सांगितलं तेव्हा आमच्या एक ज्येष्ठ ताई म्हणाल्या, "अगं, आम्ही ताप अंगावर काढून मोर्चे काढलेत." त्यांच्याविषयी मला अतोनात आदर आहे. त्यांच्या पिढीने शरीर झिजवलं म्हणून आम्हाला आज पगारी काम आणि संघटनेचं छत मिळालं. पण त्यांचं वाक्य आणि "लावणी कशी थांबंल?" हे वाक्य मला वेगळं वाटलं नाही. सोसणारी बाई थोर, ही शिकवण आपण घरातून हद्दपार करायला निघालो आणि संघटनेच्या दारातून आत घेतली. त्यागाची मापं आपण कुणाची वापरतो आहोत, हे विचारायला हवं.

काही जणी म्हणतील, वस्तीत बायका उपाशी आहेत, मार खात आहेत, आणि तुम्ही आपल्या पाठीचं काय घेऊन बसलात? मला हा प्रश्न खरा वाटतो. त्याचं उत्तर मला वस्तीतच मिळालं. घरकामगार बायकांच्या बैठकीत मी पहिल्यांदा माझं दुखणं सांगितलं तेव्हा अर्ध्या बायका बोलायला लागल्या. एकीने पाठ उघडून जळजळीत मलमाने भाजलेली कातडी दाखवली. एक म्हणाली, पावसात दोन खाडे झाले तर बाईसाहेब पैसे कापतात, म्हणून ती मुलीला पाठवते. मुलगी सातवीत आहे. घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ साली कायदा झाला, पण आजारपणाची भरपगारी रजा त्यांच्या हाती अजून आलेली नाही. माझी पाठ आणि त्या मुलीची शाळा हे वेगळे विषय नाहीत.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, तेव्हा ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग असल्याचं आढळलं. १९८९ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याआधी त्या बायका गप्प होत्या, म्हणून रोग नाहीत असं समजलं जात होतं. अंगदुखीच्या बाबतीत आपण अजून तिथेच आहोत.

तेव्हा माझ्या सूचना साध्या आहेत. प्रत्येक संघटनेत वर्षाकाठी काही दिवसांची बिनचौकशीची रजा असावी, कारण विचारायचं नाही. प्रत्येक जबाबदारी दोघींकडे असावी, म्हणजे एकीच्या उसळीने काम अडणार नाही आणि तिला अपराधी वाटणार नाही. शिबिरात सतरंजीबरोबर खुर्च्या असाव्यात, दुपारी आडवं होण्याची वेळ असावी. आरोग्याच्या सत्रात गर्भाशय आणि रक्त यांबरोबर 'अंग कुठे, कधीपासून दुखतं' हा प्रश्न असावा, आणि घरात मारहाण होते का हेही हलक्या आवाजात विचारलं जावं. पूर्वी सोसलेल्या हिंसेचा आणि अशा दुखण्याचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे, मात्र दुखणाऱ्या प्रत्येकीला मार बसला असेल असं धरून चालू नये. आणि आपल्या मागण्यांच्या यादीत, ऊसतोड असो की घरकाम, दंडाशिवाय खाडा ही मागणी वर यावी.

२०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व मानलं आहे. त्यात फायब्रोमायाल्जिया नाही. तो असावा का, यावर चर्चा व्हायला हवी. पण टक्केवारीचा दाखला दीर्घकाळ टिकणाऱ्या अपंगत्वाला मिळतो. आमचं शरीर मंगळवारी चालतं आणि बुधवारी चालत नाही. दाखल्याची वाट बघण्याआधी आपण एकमेकींवर विश्वास ठेवायला शिकू शकतो.

गेल्या आषाढात पुन्हा झड लागली आणि पुन्हा मूठ मिटेना. मी फोन केला. म्हणाले, "आज अंग उसळलंय, मी येत नाही." पलीकडे क्षणभर शांतता होती. मग सहकारी म्हणाली, "बरं, मी जाते. मागच्या बैठकीत कुठवर आलं होतं ते सांग." मी सांगितलं, ती गेली, बैठक झाली.

मुळशीकडची ती बाई मात्र त्या दिवशीही लावणीला गेली असणार. तिच्या जागी कोण उभं राहणार, याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. ते आपल्याला मिळूनच शोधावं लागेल. तुमच्या गटात हा विषय निघाला तर काय झालं, बायका काय म्हणाल्या, जरूर लिहून कळवा.